अपक्ष मतदाराचे नैतिक स्थान

१

लोकशाहीच्या तात्त्विक विवेचनात नागरिकाची जी आदर्श प्रतिमा रेखाटली जाते, ती बहुधा अपक्ष मतदाराची असते. कोणत्याही पक्षाशी बांधलेला नसलेला, प्रत्येक निवडणुकीत उमेदवारांचा आणि प्रश्नांचा नव्याने विचार करणारा, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून मगच निर्णय देणारा असा हा नागरिक न्यायाधीशासारखा कल्पिलेला असतो. त्याच्या तुलनेत पक्षाचा निष्ठावंत समर्थक काहीसा कमी प्रतीचा नागरिक ठरतो. त्याचा निर्णय आधीच झालेला आहे, किंबहुना तो त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी करून ठेवला आहे, असे मानले जाते. ही प्रतिमा इतकी परिचित आहे की, तिची सत्यता तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वस्तुतः तिच्यात दोन वेगळी विधाने एकत्र आलेली आहेत. पहिले विधान वस्तुस्थितीविषयीचे आहे: जे स्वतःला अपक्ष म्हणवतात ते इतरांपेक्षा अधिक विचारपूर्वक मत देतात. दुसरे विधान मूल्याविषयीचे आहे: पक्षापासून दूर राहणे हे पक्षात असण्यापेक्षा नैतिक दृष्ट्या श्रेष्ठ आहे. पहिल्या विधानाची शहानिशा करता येते, आणि ती बऱ्याच प्रमाणात झालेलीही आहे. दुसऱ्याचा विचार तिच्या प्रकाशात नव्याने करावा लागतो.

या विचाराला आरंभ करण्यापूर्वी शब्दांकडे थोडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. 'पक्ष' या शब्दाला पंख, महिन्याचा अर्धा भाग आणि वादातील बाजू असे तीन अर्थ जुन्या काळापासून आहेत. आपल्याकडील शास्त्रीय वादपद्धतीत पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्ताकडे जाता येत नाही. म्हणजे पक्ष घेणे हा तेथे दोष नसून विचाराची पहिली पायरी आहे. दोष आहे तो पक्षपाताचा. म्हणूनच मराठीत 'निःपक्षपाती' हा गुणवाचक शब्द आहे, तर 'अपक्ष' हा केवळ स्थितिवाचक. अपक्ष मनुष्य निःपक्षपाती असेलच असे नाही आणि निःपक्षपाती मनुष्य अपक्ष असलाच पाहिजे असेही नाही. इंग्रजीत अपक्षासाठी जो शब्द रूढ आहे त्याचा मूळ अर्थ 'स्वतंत्र' असा असल्यामुळे तेथे स्थिती आणि गुण यांची गल्लत सहज होते. स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेणे कोणाला आवडणार नाही?

२

ही गल्लत सर्वांत ठळकपणे दिसते ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. दोन पक्षांच्या पद्धतीत दीर्घकाळ स्थिरावलेला, आणि तरीही पक्षांविषयी मनात अढी बाळगणारा असा हा देश आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली राष्ट्राचा निरोप घेताना पक्षीय वृत्तीच्या दुष्परिणामांविषयी देशबांधवांना सावध केले होते. त्यापूर्वी १७८७ मध्ये जेम्स मॅडिसन यांनी गटबाजीचा प्रश्न अधिक वास्तववादी दृष्टीने मांडला होता. स्वातंत्र्य असेल तेथे गट निर्माण होणारच, त्यामुळे त्यांचा नायनाट करण्याऐवजी त्यांच्या परिणामांना आवर घालावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. हेच मॅडिसन पुढे काही वर्षांतच थॉमस जेफर्सन यांच्यासमवेत एका पक्षाचे संस्थापक झाले. अमेरिकी राजकीय मनाचा हा द्विधाभाव तेव्हापासूनचा आहे.

अपक्ष मतदाराच्या आदर्शाला प्रत्यक्ष रूप मिळाले ते १८८४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत. रिपब्लिकन पक्षाने जेम्स ब्लेन यांना उमेदवारी दिली. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप होते. तेव्हा कार्ल शुर्झ, जॉर्ज विल्यम कर्टिस यांच्यासारख्या त्या पक्षातील नामवंतांनी पक्षाची आज्ञा झुगारून डेमोक्रॅटिक उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना पाठिंबा दिला. त्यांना 'मगवंप' असे नाव पडले. एका आदिवासी भाषेतील 'मोठा पुढारी' या अर्थाचा हा शब्द उपहासाने वापरला गेला. कुंपणावर बसलेला, तोंड एका बाजूला आणि पाठ दुसऱ्या बाजूला असलेला प्राणी अशी त्याची थट्टेखोर व्युत्पत्तीही पुढे रूढ झाली. न्यूयॉर्क राज्यात क्लीव्हलँड केवळ अकराशेच्या आसपास मतांनी पुढे राहिले आणि त्या राज्याच्या बळावर अध्यक्ष झाले. मगवंपांनीच ही निवडणूक फिरवली असे निश्चितपणे म्हणता येणार नाही. तथापि विवेकी मतदारांचा छोटा समूह सत्तेचा काटा फिरवू शकतो, ही कल्पना येथून दृढ झाली.

मगवंपांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ते मुळात पक्षाबाहेरचे नव्हते. आपल्या पक्षाने काय असायला हवे याविषयी त्यांची ठाम धारणा होती आणि तिच्याशी प्रतारणा झाली असे वाटल्यामुळे ते बाहेर पडले. शिवाय ते बहुतांशी सुशिक्षित, सुस्थितीतले, पूर्वेकडील राज्यांतले लोक होते. पक्षाच्या यंत्रणेवर ज्यांची रोजची भाकर अवलंबून होती अशा शहरी स्थलांतरितांची आणि कामगारांची परिस्थिती त्यांच्याहून फार वेगळी होती. स्वातंत्र्याला सामाजिक आधार लागतो, ही गोष्ट त्यांच्या उदाहरणातून दिसते. आणि त्यांच्या विवेकाची ओळख त्यांनी सोडलेल्या पक्षावाचून करून देता येत नाही.

३

विसाव्या शतकाच्या मध्यावर मतदारांच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, तेव्हा या आदर्शाला जबर धक्का बसला. मिशिगन विद्यापीठातील अँगस कॅम्पबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांचा 'द अमेरिकन व्होटर' हा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षनिष्ठा ही बहुसंख्य मतदारांच्या बाबतीत विचारान्ती स्वीकारलेली भूमिका नसून बालपणापासून घरात रुजलेली मानसिक जवळीक असते, असे त्यांनी दाखवले. धर्म किंवा गाव जसे वारशाने मिळते तसा पक्षही मिळतो. एवढ्यावरून अपक्ष मतदाराची प्रतिष्ठा वाढावयास हवी होती. प्रत्यक्षात उलटेच आढळले. अपक्ष म्हणवणाऱ्यांना राजकारणात रस कमी, प्रश्नांची माहिती कमी आणि निवडणुकीच्या निकालाविषयी आस्थाही कमी, असे चित्र समोर आले. न्यायाधीशाच्या आसनावर ज्याला कल्पिले होते, तो खटल्याच्या वेळी न्यायालयात उपस्थितच नव्हता.

यानंतर प्रश्न गुंतागुंतीचा झाला. मिशिगनच्या अभ्यासकांनी प्रश्न दोन टप्प्यांत विचारण्याची पद्धत घालून दिली होती. प्रथम विचारावयाचे की, तुम्ही स्वतःला रिपब्लिकन समजता, डेमोक्रॅट समजता की अपक्ष. जो अपक्ष असे उत्तर देईल त्याला पुन्हा विचारावयाचे की, या दोहोंपैकी कोणता पक्ष त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणारे 'झुकलेले' अपक्ष आणि त्यालाही नकार देणारे 'निखळ' अपक्ष, असे दोन वर्ग पडतात. १९९२ मध्ये रेमंड वुल्फिंगर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने या भेदाचे महत्त्व पूर्णपणे उलगडून दाखवले. झुकलेले अपक्ष मतदानाच्या वेळी जवळजवळ पक्षसमर्थकांसारखेच वागतात. पक्षाचे नाव सांगणाऱ्या, पण शिथिल निष्ठा असलेल्या समर्थकांपेक्षा काही निवडणुकांत ते अधिक एकनिष्ठ ठरले आहेत. त्या ग्रंथाच्या शीर्षकातच अपक्ष मतदाराला मिथक म्हटले होते. योगायोग असा की, त्याच वर्षी रॉस पेरो हे दोन्ही पक्षांबाहेरून अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि त्यांनी जवळजवळ १९ टक्के मते मिळवली. निर्वाचकगणातील एकही मत मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

आकडे पाहिले तर हा विरोधाभास अधिक ठसठशीत होतो. गॅलप या संस्थेच्या मोजणीनुसार २०१४, २०२३ आणि २०२४ या प्रत्येक वर्षी ४३ टक्के अमेरिकी प्रौढांनी स्वतःला अपक्ष म्हटले. दोन्ही मोठ्या पक्षांपैकी कोणत्याही एकाचे नाव सांगणाऱ्यांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे. परंतु प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये केलेल्या विश्लेषणात अपक्ष म्हणवणाऱ्या ३८ टक्क्यांपैकी १७ टक्के डेमोक्रॅटिक पक्षाकडे आणि १३ टक्के रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले आढळले. कोणाकडेच न झुकणारे उरले केवळ ७ टक्के. याचा अर्थ असा की, पक्षाचे नाव टाकून देणारे पुष्कळ आहेत, परंतु पक्ष टाकून देणारे थोडे आहेत.

४

हे दोन वर्ग वेगळे ठेवले म्हणजे समर्थक आणि अपक्ष यांच्यातील सामाजिक व वैचारिक फरकांचा अर्थ लागू लागतो. अपक्षांत तरुणांचे आणि पुरुषांचे प्रमाण पक्षसमर्थकांपेक्षा अधिक आहे. तारुण्याचे कारण उघड आहे. पक्षाशी असलेले नाते मतदानाच्या पुनरावृत्तीने घट्ट होते आणि ज्याने अजून थोड्याच वेळा मत दिले आहे त्याच्या बाबतीत ते सैल असते. निखळ अपक्षांत शिक्षण आणि राजकीय आस्था दोन्ही सामान्यतः कमी आढळतात. २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीत मतदान केल्याचे सांगणारे त्यांच्यात सुमारे एक तृतीयांशच होते.

झोल्टन हायनल आणि तेकू ली यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात आणखी एक महत्त्वाची बाजू पुढे आणली. आशियाई आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या नागरिकांत दोन्ही पक्षांपासून अंतर राखणारे बहुसंख्य आहेत. याचे कारण केवळ उदासीनता नव्हे. वारशाने पक्ष मिळण्यासाठी आईवडिलांना तो असावा लागतो, आणि परदेशातून आलेल्या कुटुंबात तो नसतो. पक्ष त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नसतो आणि त्यांच्या प्रश्नांना पक्षांच्या ठरीव चौकटीत जागाही नसते. येथे अपक्ष असणे ही निवड नसून वगळले गेल्याची खूण असू शकते. मगवंपाचे स्वातंत्र्य आणि नवागताचे हे अधांतर यांना एकच नाव देणे हा भाषेचा अन्याय आहे.

वैचारिक भेदांचेही असेच आहे. झुकलेल्या अपक्षांची मते त्यांच्या पक्षाच्या समर्थकांच्या मतांशी पुष्कळशी जुळतात; मात्र काही प्रश्नांवर ती सौम्य असतात. उदाहरणार्थ, समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले अपक्ष त्या पक्षाच्या समर्थकांपेक्षा बरेच उदार आढळले आहेत. निखळ अपक्ष स्वतःला बहुधा 'मध्यममार्गी' म्हणवतात. परंतु मध्यममार्ग हा येथे पुष्कळदा हिशोबाचा परिणाम असतो. एका प्रश्नावर डावे टोक आणि दुसऱ्या प्रश्नावर उजवे टोक गाठणाऱ्याची सरासरी मध्यावर येते, तशीच ज्याने कोणत्याच प्रश्नाचा विचार केलेला नाही त्याचीही येते. दोन्ही मते विचारात घेऊन मधली जागा पत्करणारा मनुष्य या गर्दीत असतो, पण गणनेत तो वेगळा दिसत नाही.

मग पक्षाकडे झुकलेली, त्याच पक्षाला मत देणारी माणसे त्याचे नाव का टाळतात? समारा क्लार आणि यान्ना क्रुपनिकोव्ह यांनी २०१६ मध्ये याचे जे उत्तर दिले, ते नीतिविचाराच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे. पक्षांच्या भांडणाची आठवण करून दिली, किंवा समोरच्यावर चांगली छाप पाडण्यास सांगितले की, लोक स्वतःला अपक्ष म्हणवू लागतात, असे त्यांच्या प्रयोगांत आढळले. म्हणजे नाव टाळण्यामागे पुष्कळ वेळा संकोच असतो. जे आपण करतो त्याचे नाव घ्यावयास लाज वाटते, आणि तरी ते करणे थांबत नाही. आपल्या बाजूच्या वर्तनाची जर खरोखर शरम वाटत असेल तर तिला उत्तर दोनच प्रकारे देता येते: आत राहून विरोध करणे अथवा बाहेर पडून मत बदलणे. मत तेच ठेवून नाव बदलल्याने पक्ष सुधारत नाही. उलट ज्यांना संकोच वाटतो तेच गप्प राहिल्याने ज्यांना तो वाटत नाही त्यांच्या हाती पक्ष जातो. अमेरिकेतील काही राज्यांत उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत केवळ पक्षाकडे नोंद असलेल्यांनाच मतदान करता येते. तेथे तर नाव न घेण्याची किंमत अगदी रोकडी असते.

५

येथून मूल्याच्या प्रश्नाकडे वळता येते. पक्षाच्या नैतिक समर्थनाची सर्वांत प्रसिद्ध मांडणी १७७० मध्ये एडमंड बर्क यांनी केली. चांगल्या माणसांनी एकत्र येऊन काम केले नाही तर ती एकेकटी पराभूत होतात, हा त्या मांडणीचा गाभा आहे. याच्या विरुद्ध टोकाला सिमोन वेल यांचा १९४३ मधील निबंध आहे, जो त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. पक्ष हे सामूहिक भावना निर्माण करणारे यंत्र असते, स्वतःची वाढ हेच त्याचे साध्य बनते, आणि त्याच्या सभासदाला सत्याशी एकनिष्ठ राहणे अशक्य होते; म्हणून पक्षसंस्थाच नाहीशी करावी, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतीय विचारालाही हा प्रश्न परका नाही. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४८ मध्ये आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला आणि पक्षविहीन लोकशाहीचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या विचारवंतांमुळे ही परंपरा सुपरिचित आहे. जयप्रकाश नारायण यांनीही पक्षीय राजकारणाचा त्याग करून हाच मार्ग स्वीकारला होता. परंतु १९७७ मध्ये सत्तेला प्रत्यक्ष आव्हान देण्याची वेळ आली, तेव्हा त्याच जयप्रकाशांच्या प्रेरणेने अनेक पक्ष एकत्र येऊन जनता पक्ष उभा राहिला. यातून त्यांची विसंगती सिद्ध होते असे नव्हे. बर्क यांच्या म्हणण्यातील तथ्य मात्र सिद्ध होते. तर १९४९ मध्ये संविधान सभेत समारोपाचे भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राजकारणातील भक्तीविषयी दिलेला इशारा वेल यांच्या भीतीतील तथ्य दाखवून देतो. संघटनेवाचून राजकारण निष्फळ ठरते आणि भक्तीने ते भ्रष्ट होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

महाभारतकारांनी हा पेच तीन व्यक्तिरेखांच्या द्वारा मांडून ठेवला आहे. बलराम दोन्ही पक्षांना आपले मानतो आणि म्हणून युद्धात न उतरता सरस्वतीच्या तीरावर तीर्थयात्रेला निघून जातो. परत येतो तो शेवटच्या गदायुद्धाच्या वेळी. तेथे भीमाने नियम मोडलेला पाहून तो संतापतो आणि नांगर उचलतो. नियमभंगाविषयीचा त्याचा संताप खोटा नाही. पण ज्या द्यूतसभेपासून हे सारे सुरू झाले तिचा त्याच्या न्यायात हिशोब नाही. विकर्णाचे तसे नाही. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, हे भर सभेत सांगणारा तो एकमेव कौरव आहे. पुढे मात्र तो आपल्या भावांच्याच बाजूने लढतो आणि मारला जातो. तिसरा युयुत्सू. धृतराष्ट्राचाच हा पुत्र युद्धारंभी, दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना, सर्वांच्या देखत पांडवांकडे येतो.

आजच्या मतदारसर्वेक्षणात बलरामाची नोंद निखळ अपक्ष म्हणून झाली असती, विकर्णाची निष्ठावंत समर्थक म्हणून, आणि युयुत्सूची कदाचित विरोधी पक्षाचा समर्थक म्हणून. तथापि अन्यायाला अन्याय म्हणण्याची शक्ती ज्या दोघांनी दाखवली ते दोघेही पक्षाच्या आतले होते. ज्याला काही गमवावे लागणार होते त्याच्याच निर्णयाला येथे नैतिक वजन आहे. 'द अमेरिकन व्होटर' नंतर सहाच वर्षांनी, १९६६ मध्ये, व्ही. ओ. की यांचा जो ग्रंथ त्यांच्या निधनोत्तर प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्षही याला पूरक आहे. एका निवडणुकीतून दुसरीत पक्ष बदलणारे मतदार अडाणी किंवा चंचल नसतात, धोरणांविषयीच्या आपल्या मतांशी सुसंगत अशा दिशेनेच ते सरकतात, असे की यांना आढळले. त्यांचा हा मतदार बलरामाचा वंशज नाही. तो युयुत्सूचा आहे. त्याला आधी एक बाजू होती.

विकर्णाच्या वाटेचे मोल आजही कमी झालेले नाही. २००६ मध्ये इराक युद्धाच्या प्रश्नावर आपल्या पक्षाच्या मतदारांपासून दुरावलेले डेमोक्रॅटिक सिनेटर जोसेफ लीबरमन कनेक्टिकटमधील प्राथमिक निवडणुकीत हरले, आणि मग पक्षाबाहेरून उभे राहून निवडून आले. ६ जानेवारी २०२१ च्या घटनेची चौकशी करणाऱ्या समितीच्या उपाध्यक्ष, रिपब्लिकन प्रतिनिधी लिझ चेनी २०२२ मध्ये वायोमिंगमधील प्राथमिक निवडणुकीत मोठ्या फरकाने पराभूत झाल्या. त्यांच्या भूमिकांविषयी मतभेद असू शकतात. पण आपल्याच माणसांना विरोध करणे हे परक्यांना विरोध करण्यापेक्षा किती महाग पडते, हे दोन्ही उदाहरणे सांगतात. हा विरोध ऐकून त्याचा निवाडा करणारे मतदार पक्षाच्या आतलेच असतात, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.

६

साहित्यविचारात याच्याशी जुळणारी एक कल्पना मराठीत आहे. नरसिंह चिंतामण केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात 'सविकल्प समाधी' चा सिद्धान्त मांडला. वाचक साहित्यकृतीतील व्यक्तीशी एकरूप होतो, पण स्वतःची जाणीव पूर्णपणे हरवून बसत नाही. या दुहेरी अवस्थेत वाङ्मयीन आनंदाचे मूळ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. निव्वळ तटस्थ राहणाऱ्याला कृतीचा आस्वाद घेता येत नाही आणि पूर्ण तादात्म्य पावणाऱ्यालाही तो घेता येत नाही. केळकर स्वतः पक्षीय राजकारणात आयुष्यभर वावरले होते. त्यांनी हा सिद्धान्त राजकारणाला लावला नाही; परंतु नागरिकाच्या पक्षाशी असलेल्या नात्याला तो चपखल लागू पडतो. पक्षाचे काम करावयाचे, त्याच्या जयपराजयात सहभागी व्हावयाचे, आणि तरीही आपल्या विवेकाची जाग मोडू द्यावयाची नाही, ही अवस्था अवघड असली तरी अशक्य नाही.

या दृष्टीने पाहता 'तुम्ही अपक्ष आहात काय' हा प्रश्न नैतिक कसोटी म्हणून अपुरा ठरतो. ज्याच्याकडे पक्ष पोहोचलाच नाही असा नवागत, पक्षाचे नाव घेण्यास लाजणारा समर्थक, राजकारणाला कंटाळलेला उदासीन आणि विचारान्ती बाजू बदलणारा विवेकी या चौघांनाही तो एकाच रकान्यात बसवतो. त्यांपैकी पहिल्याला न्याय हवा आहे, दुसऱ्याला धैर्य, तिसऱ्याला आस्था. चौथा तेवढा स्वतंत्र आहे, आणि त्याचे सोबती जितके पक्षाबाहेर आहेत तितकेच पक्षाच्या आतही आहेत. मतदाराला विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: आपल्या बाजूने अन्याय केला तेव्हा तो तुम्हाला दिसला काय, आणि दिसल्यावर तुम्ही काय केले? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नोंदवहीत मिळत नाही. लोकशाहीचे आरोग्य मात्र पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते.